चौथ्या नावाची जागा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचे वाचताना कोणी मला हौशी प्रवासी समजणार नाही. ज्या गावी मी गेलो तिथे पाहण्यासारखे काही नाही. एक दगड आहे, आणि तो मीच उभा करवला होता.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा मी यवतमाळला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. दिग्रसपासून तीन-चार कोसांवर खैरगव्हाण नावाचे गाव आहे. तिथे एक लहानसे चर्च आणि त्याला लागून दवाखाना. त्या भागातले चार जण लढाईवर गेले ते परत आले नाहीत. चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांनी त्यांच्या नावाचा एक दगड आवारात उभा करायचे ठरवले आणि आराखडा माझ्याकडे मागितला. त्यांची अट एकच होती. चारही नावे एकाखाली एक असावीत, बाकी मास्तरांच्या मनाप्रमाणे.

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे कितीतरी गावांच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या लढाईची एक पाटी असते. या गावातून इतके गेले, इतके पडले. ती पाहत वाढलेल्या माणसाला स्मारक कसे असावे हे दुसऱ्याने सांगायला नको, असे मला वाटे. मी तीन कमानी काढल्या. प्रत्येक कमानीत एक नाव, मधल्या कमानीवर क्रूस, खाली उलटी टेकवलेली बंदूक आणि तिच्याभोवती पानांची माळ. आता नावे चार आणि कमानी तीन. चौथी कमान काढली की क्रूस कमानीवर न येता खांबावर येई. आठ दिवस मी मोजपट्टी घेऊन बसलो आणि शेवटी चौथे नाव दगडाच्या पाठीवर टाकले.

दोष नुसत्या मोजपट्टीचा नव्हता. पहिल्या तिघांनी हातात बंदूक धरली होती. चौथा, थावरा राठोड, शेजारच्या बंजारा तांड्यावरचा; तो ब्रह्मदेशात पलटणीची खेचरे हाकायला गेला होता. मागे कोणाला टाकावे याचा विचार करायला मला आठ मिनिटेही लागली नाहीत, यावरून काय ते समजावे.

पाळकांनी तयार दगड पाहिला आणि एवढेच म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्हाला कळत असेल." दगड उघडला त्या दिवशी थावराची बायको झमकू आली होती. पाळकांनी तिन्ही नावे वाचून दाखवल्यावर तिने मला विचारले, "माह्या मानसाचं नाव कुठी हाय जी?" मी तिला मागे नेले. दगड आणि आवाराची भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती, कारण पांढऱ्या भिंतीपुढे काळा दगड उठून दिसेल अशी माझीच योजना होती. त्या फटीकडे बोट दाखवून मी म्हणालो, "समोर जागा नव्हती ग बाई."

समोर बंदुकीच्या खाली वीतभर रुंदीचा एक पट्टा मी मुद्दाम कोरा, गुळगुळीत ठेवला होता. डोळ्याला विसावा हवा म्हणून.

सातारा

पुढे मी नोकरी सोडून साताऱ्याला परत आलो आणि पंधरा वर्षे तो दगड विसरलो. म्हणजे दर थोड्या दिवसांनी विसरत राहिलो. एकसष्ट सालच्या पौषात खैरगव्हाणहून नव्या पाळकांचे पत्र आले. भिंत झुकली आहे, ती पडली तर दगडही जाईल. म्हणून दोन्हींमधली फट विटा आणि चुन्याने भरून दगड भिंतीत पक्का बसवण्याचा विचार आहे. मूळ आराखडा आपला असल्याचे कळले. आपली हरकत नसावी. दगडाची मागची बाजू कोरीच आहे, तेव्हा नुकसान काही नाही.

मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकले: हरकत नाही.

हे मी का केले ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढे आठवते की पेटीत कार्ड पडल्याचा आवाज आला आणि फार हलके वाटले. आता चुना बसेल, आणि मग विचारणारा कोणी राहणार नाही. हे हलके वाटणे तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही जेवताना सारखं भिंतीकडे का बघता?" पाचव्या दिवशी मी धामणगावचे तिकीट काढले. स्वतःच्याच पोस्टकार्डाला गाठायला निघालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दिग्रस

आगगाडीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. धामणगाव, यवतमाळ, दारव्हा असे करत एस.टी.ने दिग्रसला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कापसाचे दिवस. जिनिंगच्या फाटकापासून बैलगाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत आलेली, आणि सगळ्या गावावर एक पांढरी लव बसलेली. घरांच्या कौलांवर, विजेच्या तारांवर, हॉटेलातल्या चहावरसुद्धा. चहावाल्याला मी तसे म्हटले तर तो म्हणाला, "साय समजून प्या जी. दुसऱ्याकडं तेबी भेटत नाही."

खैरगव्हाणला जाणारा शेषराव नावाचा शेतकरी तिथेच भेटला. कापूस विकून रिकामी गाडी घेऊन निघाला होता. इथे बैलगाडीला बंडी म्हणतात. आमच्याकडे बंडी अंगात घालतात, इथे बंडीत बसावे लागते.

"जानं कायले खैरगव्हानले?" त्याने विचारले.

"चर्चमधला दगड पाहायला."

त्याने बैलाच्या पाठीवरचा हात काढून माझ्याकडे पाहिले. "दगड पाह्यले? तुमच्या इकडं दगड भेटत नाहीत काय?"

मी म्हटले, आमच्याकडे डोंगरच आहेत.

"मंग?" तो म्हणाला, आणि मी बंडीत चढून बसलो.

दोन्ही बाजूंना कापूस वेचून रिकामी झालेली पऱ्हाटी, मधूनमधून तुरीची हिरवी रांग, आणि दूर सागाचे विरळ रान. आमच्याकडची जमीन चढते-उतरते, म्हणून माणसाला कुठेतरी पोचल्यासारखे वाटते. इथली जमीन सपाट. दोन तास चाललो तरी आपण निघालो त्याच ठिकाणी आहोत असे वाटत राहते. माझ्या मनःस्थितीला ती फार सोयीची होती. मी मनात माफीचे भाषण जुळवत होतो. 'अनवधानाने' हा शब्द घालावा की नाही यावरच एक कोस गेला. शेवटी तो काढला, कारण तो खोटा होता. आणि तो काढल्यावर भाषणात फारसे उरले नाही.

"त्या दगडाले एक बाई जाते पहा," शेषराव मध्येच म्हणाला. "तांड्यावरची. झमकू याडी. याडी म्हंजे माय. दगडाच्या मागं घुसून बसते."

"कशाला?"

"कोन इचारते? चर्चवाले म्हंतेत देव समजते. तांड्यावाले म्हंतेत याडीचं डोस्कं गेलं. मी म्हंतो, उन्हाची सावली भेटत असन."

"रोज जाते?"

"सनासुदीले. पन आता त भरून टाकून राह्यले ना ते. काल चुना आला." त्याने बैलांना हाक दिली. "आता आपुन एकाच राज्यात आलो म्हंतेत. मंग मले सांगा, तुमच्या इकडं वांग्याच्या भाजीत गूळ काहून टाकतेत?"

या प्रश्नाचे उत्तर मी तपशीलवार दिले. आधीच्या बोलण्यापेक्षा ते सोपे होते.

खैरगव्हाण, पहिला दिवस

कापसाच्या रिकाम्या बंडीत काळा कोट घालून बसू नये, हे मला उतरल्यावर कळले. डोक्यापासून बुटापर्यंत मी पांढरा झालो होतो. पाळकांच्या पत्नीने दारातूनच मला पाहिले आणि म्हणाल्या, "गाद्या नाताळातच भरून झाल्या हो. आता काही काम नाही."

मी पिंजारी नसून आराखडा काढणारा मास्तर आहे हे कळल्यावर त्या इतक्या ओशाळल्या की मला त्यांची समजूत घालावी लागली. त्या गावात पहिली माफी अशी माझीच मागितली गेली. मी मागायला आलो होतो ती तशीच राहिली.

पाळक तिशी-बत्तिशीचे, नगरकडचे, उत्साही गृहस्थ. "तुमचं कार्ड आलं परवा," ते म्हणाले. "बरं झालं. गवंडी उद्या सकाळी लागतोय. पण तुम्ही स्वतः याल असं वाटलं नव्हतं. आपल्या कामावर एवढं प्रेम!"

मी कोटावरचा कापूस झटकत राहिलो.

दगड तसाच उभा होता, छातीइतका उंच, भिंतीपुढे उठून दिसत. भिंत मात्र मधोमध पोट सुटल्यासारखी पुढे आली होती. पाळकांनी बंदुकीभोवतीच्या माळेवर हात ठेवला. "मास्तर, मला सगळ्यांत आवडतं ते हे. निंबाची पानं. इथं मयतीवरून आल्यावर लोक निंबाचा पाला चावतात. एखाद्याने विलायती पानं काढली असती."

मी विलायती पानेच काढली होती, एका इंग्रजी पुस्तकातून. पाथरवटाने 'हा कोन्ता पाला हाय?' असे विचारले तेव्हा मला नाव येईना. मी म्हटले पाला म्हणजे पाला. तो बिचारा ज्या झाडाखाली बसून टाकी चालवत होता त्याचाच पाला त्याने कोरला. पंधरा वर्षांनी त्याची स्तुती मी मान लववून घेतली. पाथरवट वारला होता, हे त्यातल्या त्यात सोयीचे.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, त्याला इथे सोले म्हणतात, आणि जवसाची चटणी होती. भाजी इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आले. पाळक म्हणाले, "प्रवासाने थकलात का?" मी हो म्हटले. मग त्यांनी विचारले, "मागच्या बाजूला काही नाही ना? मी आलो तेव्हापासून ती तूप आणि काजळीने माखलेली आहे. ती तांड्यावरची बाई येऊन निखाऱ्यावर तूप सोडते. आम्ही किती समजावलं, अहो बाई, हा देव नाही. ऐकत नाही. मुंग्या होतात."

तोंडात घास होता, हे खरे. पण तो गिळायला किती वेळ लागतो? मी आणखी एक भाकर मागितली.

दुसरा दिवस

सकाळी आवारात गेलो तो चुना कालवून तयार होता, विटांचा ढीग लागला होता आणि गवंडी उकिडवा बसून विडी ओढत होता. काम थांबले होते. पाळक कमरेवर हात ठेवून उभे होते.

फटीत झमकू बसली होती.

साठीची असेल. वाळलेली, म्हणूनच त्या हातभर जागेत मावलेली. पाठ भिंतीला, गुडघे छातीशी आणि तोंड दगडाकडे. फेटिया, म्हणजे तो आरशांचा घागरा, जुना झालेला. बंजारा सवाष्णी दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालतात, त्याला चुडो म्हणतात. तिचे दंड मोकळे होते.

"बाई, बाहेर ये," पाळक म्हणाले. "भिंत पडेल अंगावर."

"पडू द्या."

"चुना वाळून जाईन ना याडी," गवंडी म्हणाला. "मले दुसरीकडं बी काम हाय."

"टाकाचा असन त माह्यावर टाक. भरून टाक मले बी. बसून राह्यली मी."

गवंडी पाळकांकडे वळला. "साहेब, बाईसगट भराचं असन त मले जमनार नाही. विटा कमी पडतीन."

कोणी हसले नाही, पण झमकूच्या तोंडाचा कोपरा हलला. पाळक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बघा मास्तर. कोऱ्या दगडासाठी."

इथे मला एक वाट मोकळी होती, आणि ती मला स्वच्छ दिसली, हे लिहून ठेवले पाहिजे. सगळे तिला खुळी समजत होते. मी मान हलवली असती की झाले असते. चार लोकांनी तिला उचलून बाहेर ठेवले असते आणि दुपारपर्यंत चुना बसला असता.

"मागची बाजू कोरी नाही," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की गवंड्याने विचारले, "काय म्हंता जी?" म्हणून ते पुन्हा म्हणावे लागले. पहिल्यांदा म्हणायला पंधरा वर्षे लागली होती. दुसऱ्यांदा काहीच लागले नाही.

"पण तुम्ही हरकत नाही असं लिहिलं होतं," पाळक म्हणाले.

"खोटं लिहिलं. मागे चौथं नाव आहे. तिच्या नवऱ्याचं. थावरा राठोड. मीच तिथे घातलं."

पाळक तसेच वळले. मग घरात गेले आणि दाढीचा आरसा घेऊन आले. फटीच्या तोंडाशी आडवे होऊन त्यांनी तो आत धरला. झमकूने ओढणीच्या टोकाने दगडावरची काजळी पुसली. आरशात अक्षरे उलटी दिसत होती. पाळकांना ती लागेनात. मान वाकडी करून ते एकेक अक्षर जुळवू लागले. गवंडी त्यांच्या खांद्यावरून डोकावला. त्याला वाचता येत नव्हते.

"हे त खेचर हाय," तो म्हणाला.

खेचर होते. माझ्या आराखड्यात ते नव्हते. पाथरवटाने आपल्या मनाने नावाखाली कोरले होते. कान मागे टाकलेले, पाठीवर ओझे, पुढचा एक पाय उचललेला. दगड उघडायच्या दिवशी मी ते पाहिले होते आणि न पाहिल्यासारखे केले होते, कारण ते माझ्या बंदुकीपेक्षा फार चांगले उतरले होते.

"तुले आता दिसलं," झमकू आतून म्हणाली. "म्या पंधरा बरस झाले बोटानं वाचून राह्यली."

मग ती बोलू लागली, दगडाकडेच तोंड करून. "सरकारचा कागद आलता. तांड्याचा नाईक म्हने, थावरा गेला, चुडो काढ. मी म्हनलं, कागद काय, कोनाचाबी येते. दीर म्हने काढ, सासू म्हने काढ. म्या नाही काढला. मंग हा दगड झाला. त्या पाथरवटानं माहं बोट धरून नावावरून फिरवलं, खेचरावरून फिरवलं. म्हने, याडी, खोट्या मानसासाठी कोनी दगड फोडत नाही. तवा म्या इथं बसून चुडो काढला. इथंच पुरला, याच्या पायाशी." तिने मातीवर तळहात ठेवला. "आता तुमी वरून चुना टाकता. टाका. पन मंग मले सांगा, मी कोनापाशी येऊ?"

पाळक उठून उभे राहिले. त्यांच्या सदऱ्याला माती लागली होती, ती त्यांनी झटकली नाही. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. ते मला उद्देशून असावे.

प्रश्न भिंतीचा उरला. दगड पुढे सरकवावा, तर उपटताना फुटेल. फट तशीच ठेवावी, तर भिंत या पावसाळ्यात झमकूवर नाहीतर दगडावर पडेल. मी खिशातून कागद काढला आणि टेकू देण्याचा एक आराखडा काढू लागलो. गवंड्याने थोडा वेळ पाहिले आणि विडी विझवली.

"भिंतच काढून टाका ना जी," तो म्हणाला. "तसीही पडूनच राह्यली. दगडाच्या मागची तेवढी पाडतो. दोन तासांचं काम."

"मग आवार उघडं पडेल," पाळक म्हणाले. "शेळ्या येतील."

"शेळ्या आत्ता नाही का येत?" त्यांच्या पत्नी ओट्यावरून म्हणाल्या. "फाटकातून येतात. उद्यापासून तिकडून येतील."

पाळकांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुमची पांढरी भिंत जाईल. समोरून दगडामागे नुसतं भगदाड दिसेल."

"दिसू द्या," मी म्हणालो. माझ्या सगळ्या आराखड्यांत तेवढी एक रेघ मी न मोजता काढली.

झमकू बाहेर आली ती भिंतीचा पहिला थर निघेपर्यंत दगडाला हात लावून उभी राहिली. गवंड्याचा धक्का चुकून लागू नये म्हणून. भिंत पडायला खरोखर दोनच तास लागले. पलीकडे तांड्याची पायवाट होती, हे मला कधी माहीतच नव्हते. मी दगडाला एक तोंड आणि एक पाठ दिली होती. आता त्याला दोन तोंडे झाली. चर्चकडून येणाऱ्याला तीन कमानी आणि बंदूक दिसते, तांड्याकडून येणाऱ्याला थावरा राठोड आणि त्याचे खेचर. धूळ खाली बसायच्या आत दोन शेळ्या आत आल्याही.

पाळकांच्या पत्नीने सगळ्यांना चहा दिला. झमकूने कप दोन्ही हातांत धरून तो उभ्यानेच प्याला. मग ती वळसा घालून समोरच्या बाजूला आली. या बाजूला ती पंधरा वर्षांत किती वेळा आली होती कोण जाणे. तिने पहिल्या नावावरून बोट फिरवले, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. बंदुकीवरून हात खाली आणला, पानांवरून आणखी खाली, आणि त्या गुळगुळीत पट्ट्यावर येऊन तो थांबला. ती तो तिथे डावीउजवीकडे फिरवत राहिली. काही लागत नव्हते.

"तूच ना रे तो," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कागदावर दगड काढनारा?"

"हो."

"मले एक सांग. इथं कोन हाय?"

बंडीत जुळवलेले भाषण मला आठवत होते. त्यात 'खेद' होता आणि 'परिस्थिती'ही होती. ते मी म्हटले नाही.

"कोणी नाही, याडी," मी म्हणालो. "जागा होती. तुम्हाला मी खोटं सांगितलं. ही जागा थावराची होती आणि मी ती त्याला दिली नाही. मला माफ करा."